ऊबबाबांची शाल

“लागला! लॅपटॉपचा दिवा लागला!” कुणीतरी ओरडलं आणि छापखान्यावरच्या त्या कोंदट, उबदार खोलीतली चाळीस माणसं एकदम पुढे रेटली. मी छकुलीला कडेवर वर ओढून घेतलं. एवढ्या गलक्यातही तिच्या छातीतली बारीक शिट्टी मला ऐकू येत होती.

ऊबबाबांनी शालीतून काढलेला लॅपटॉप उंच धरला. तासापूर्वी तो मेलेला होता.

“यंत्राचा प्राण गोठला होता,” बाबा म्हणाले. “मी माझ्यातला थोडा दिला.”

दिलेला प्राण कुठून गेला कोण जाणे. पोटाचा घेर तर शाबूत होता.

जमीनमोजणी खात्याची माणसं त्यांची खास भक्त. पहाटे निघायला उशीर नको म्हणून लॅपटॉप रात्रभर जीपमध्येच ठेवायची त्यांची रीत. सकाळी बटण दाबून दाबून बोटं दुखली की बाबांकडे धाव.

धावोत बापडी. पण आज सकाळी सासूबाईंनी छकुलीचा दम्याचा पंप उचलून कमरेला खोचला होता. “मेलेली यंत्रं उठवतात बाबा. पोरीची छाती ती काय! आजपासून औषध बंद.” नवरा दौऱ्यावर. डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं, औषधाची एकही वेळ चुकवू नका. सकाळची वेळ चुकली होती.

मी शेजारच्या मोजणीदाराकडे वळले. “दादा, तुमचाही लॅपटॉप बंद आहे ना? द्या इकडे.”

छकुलीच्या अंगावरच्या कोमट दुलईत गुंडाळून तो मी पिशवीत घातला, बाकावर ठेवला.

“वहिनी, मंत्र कोणता म्हणणार?” कुणीतरी टोमणा मारला.

“चेन लावण्याचा,” मी म्हटलं आणि लावली.

तोवर बाबांनी शालीत दुसरा लॅपटॉप घेतला होता. तासाभराने तो सुरू झाला. माझ्या पिशवीतलाही.

सगळ्यांच्या नजरा बाबांकडे वळल्या. बाबा मात्र हसले. “ऊब माझीच, ताई. खोलीभर पसरलीय.”

झालं! माना डोलू लागल्या. छकुली खोकली, पुन्हा खोकली, थांबेचना.

तेवढ्यात बाबांसमोर बसलेल्या सासूबाई छकुलीकडे बघत उठल्या. “मग बाबा, जरा खाली, बाहेरच्या ओट्यावर चला. शाल राहू द्या इथेच. प्राणाला शाल कशाला हवी?”

“माऊली, बाहेर गारठा...”

“म्हणून तर!”

लोकांना गंमत हवीच असते. बाबांना ओट्यावर नेलं, हातात नुकताच जीपमधून काढलेला लॅपटॉप दिला. बाबा पुटपुटले, फुंकले, कुडकुडले. पडदा काळा तो काळाच. शेवटी बाबांना सटासट तीन शिंका आल्या.

“प्राण गेला आणि सर्दी आली,” मोजणीदार म्हणाला, आणि पहिल्यांदा लोक बाबांना हसले.

मग मी सांगितलं, तेच इथे लिहिते. थंडीत बॅटरी मरत नाही, गारठते. आतली क्रिया मंदावते, वीज पुरत नाही. बाबा फक्त तिला ऊब देत होते. शेकोटीशी किंवा हीटरवर ठेवू नका, बिघडेल. गार असताना चार्जिंगला लावू नका. बाहेरून आणला की बंद पिशवीतच राहू द्या, घराइतका कोमट होईपर्यंत बटणाला हात नको. नाहीतर गार यंत्रावर आत दव धरतं आणि सगळंच जळतं. ज्यांचे लॅपटॉप बाबांकडे येण्याआधीच असे जळले होते, त्यांना बाबा ‘श्रद्धा कमी पडली’ म्हणायचे.

सासूबाईंनी कमरेचा पंप काढून माझ्या हातात दिला. तो कोमट होता.

“गार पडू नये म्हणून अंगाशी धरला होता,” त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. “डॉक्टरीणबाईंनीच सांगितलेलं. माझा तरी कुठे पुरता विश्वास होता? पण पोरीचं हे खोकणं बघवत नाही गं.”

छकुलीने पंप ओढला. एकदा, दोनदा. शिट्टी हळूहळू उतरली.

भीती मलाही वाटते, रोज वाटते. म्हणूनच सांगते: कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी त्याला शाल काढून ओट्यावर बोलवा. आणि लेकराचं औषध कुणाच्याही शालीवर सोडू नका.