कागदावरचा मालक

थोरल्या मुलीला जुळं झालं, त्याच वर्षी कटर मास्तर परदेशी गेला. त्यामुळे घरात हिशेब सोपा होता. मास्तरला तिकडे किती वर्षं झाली असं कोणी विचारलं, की जुळ्यांचं वय सांगायचं. ही गोष्ट जुळी पाच वर्षांची असतानाची.

मास्तर गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड कापायचा. लांबलचक टेबलावर कापडाचे साठ थर अंथरायचे, वर कागदी साचे मांडून खडूनं रेघा मारायच्या आणि उभ्या सुरीचं मशीन त्या रेघांवरून फिरवायचं. बोटभर इकडचं तिकडे झालं, की साठ बाह्या वाया. पण मास्तरचा हात कधी चळला नाही. राहायला कारखान्यामागचीच खोली. एक खाट, एक शेगडी आणि खिडकी उघडली की हातभरावर शेजारच्या इमारतीची भिंत.

लिहायला तो चव्वेचाळिसाव्या वर्षी शिकला. बायकोनंच शिकवलं, काळ्या सुटिंगच्या कापडावर शिंप्याच्या खडूनं. तेव्हापासून सही करायची म्हटली की गडी खुलायचा. बाही सारून, मान तिरकी करून, एकेक वेलांटी सावकाश काढायचा. बँकेत मागचे लोक कपाळाला हात लावायचे.

एक दिवस शेठ त्याला मोटारीतून एका कचेरीत घेऊन गेला. शेठ म्हणजे कारखान्याचा मालक, जिभेवर साखर ठेवूनच बोलणारा.

"मास्तर, आजपासून तुम्ही मॅनेजर. करा सह्या."

कागद त्या देशाच्या लिपीत. मास्तरला त्यातलं ओ की ठो कळेना. पण चौदा कागद, चौदा सह्या! शेवटची तर इतकी झोकदार आली, की त्यानं ती शेठला मुद्दाम दाखवली.

"वा! छापल्यासारखी आहे," शेठ म्हणाला.

आठ महिन्यांनी घरून फोन आला. बायकोची मूत्रपिंडं गेली होती, आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू होतं. ती फोनवर हसायचीच. "तुम्ही तुमच्या मशीनवर, मी माझ्या मशीनवर. पगार तेवढा तुम्हालाच!" पण डॉक्टरांनी मुलीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, बाबांना बोलावून घ्या, उशीर नको. मास्तरनं तिकीट काढलं.

विमानतळावर पासपोर्ट बघणाऱ्यानं पडद्याकडे पाहिलं, मास्तरकडे पाहिलं आणि हिंदी येणाऱ्या शिपायाला हाक मारली. शिपायानं समजावलं ते असं. इथं मॅनेजर म्हणून ज्याची सही, तोच कंपनीचा मालक; आणि कंपनी तुमच्या नावावर आहे. त्या कंपनीनं सव्वीस माणसांकडून पैसे घेतले, नोकरी देतो म्हणून इथं आणलं आणि नोकरी दिलीच नाही. तक्रारींचा निकाल लागेपर्यंत मालकाला देश सोडता येणार नाही.

"मालक मी नाही, शेठ आहे!"

"शेठचं नाव कुठंच नाही," शिपाई म्हणाला. "सगळ्या सह्या तुमच्या आहेत."

शेठचा फोन बंद होता. कारखान्याला कुलूप लागलं होतं. मास्तर बॅग घेऊन मागच्या दारानं खोलीत शिरला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच दारावर धडाधड लाथा बसायला लागल्या.

सव्वीस माणसं होती. पुढच्याच्या हातात कंपनीच्या परवान्याची झेरॉक्स आणि तिच्यावर मास्तरचा फोटो. "हाच तो!" कोणीतरी गचांडी धरली, कोणीतरी तोंडात ठेवून दिली. एकानं टेबलावरची कात्री उचलली. तेवढ्यात मास्तर ओरडला, "आई गं!" आणि पुढचा माणूस थांबला.

"मराठी?"

"हो रे बाबा."

"मग आपल्याच माणसांना लुटताना लाज नाही वाटली?" कात्री मात्र त्यानं काढून घेतली. हा वेल्डर होता, पस्तिशीचा, घरी दोन पोरं.

मास्तरनं सगळं सांगितलं. निम्म्यांना पटलं, निम्म्यांना नाही. पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत झालं. हा पळाला तर आपल्या हाती काहीच उरत नाही. त्या दिवसापासून दोघे दोघे पाळीनं दाराशी बसू लागले. मास्तर संडासला निघाला तरी एक जण मागून यायचा. ज्यांना राहायला जागा नव्हती ते कारखान्यातच कटिंग टेबलांवर झोपायला लागले. त्यांचाच भात मास्तरच्या ताटात पडायचा.

"जावयासारखी बडदास्त आहे तुमची," वेल्डर म्हणायचा. "फक्त सासरहून जाता येत नाही!"

मास्तर हसायचा आणि मग भिंतीकडे तोंड करून बसायचा.

मास्तरनं आपल्या वकिलातीत अर्ज दिला. उत्तर आलं, वर्ष तरी लागेल. चौदा सह्या झाल्या होत्या त्याच कचेरीत फॉर्म भरून देणाऱ्या कारकुनानं मात्र हळूच हिंदीत सांगितलं, "दुसरा कोणी मॅनेजर व्हायला तयार असेल तर त्याची सही आणा. तुमचं नाव निघेल. चार दिवसांत घरी."

पहाऱ्याला सोबत आलेल्या वेल्डरनं ते ऐकलं. "मॅनेजरला राहायचा परवाना मिळतो?"

"मिळतो की."

वाटेत वेल्डर मागेच लागला. "मास्तर, मला करा. तक्रारी जुन्या, त्या माझ्यावर कशा येतील? परवाना मिळाला की कुठंही काम बघीन. तुम्ही सुटाल, मीही सुटेन."

मास्तर पुढे चालत राहिला. त्या संध्याकाळी मुलीचा फोन आला. "बाबा, आई सारखी दाराकडं बघते." मास्तरनं वेल्डरला सांगितलं, उद्या जाऊ.

कचेरीत कारकुनानं कागद पुढे सरकवले. वेल्डरनं पेन घेतलं. "कुठं करू?"

मास्तरनं बोट ठेवलं. वेल्डरनं पहिली सही केली. दुसऱ्या कागदावर मास्तरनं पुन्हा बोट ठेवलं, पण या वेळी ते उचललंच नाही.

"सरका ना, मास्तर."

"ह्या पुऱ्या केल्यास तर माझ्या जागी तू अडकशील. जुन्या तक्रारीही तुझ्या नावावर येतील. पोरांकडं जाता येणार नाही."

"हे काल का नाही सांगितलं?"

"मला जायचं होतं म्हणून."

वेल्डरनं पेन ठेवलं. पहिला कागद उचलून त्याचे चार तुकडे केले. बाहेर येऊन तो रस्त्याच्या कडेला बराच वेळ शिव्या देत उभा राहिला. कोणाला ते त्यालाही ठाऊक नसावं. मग म्हणाला, "चला. भात कोणाला तरी लावावाच लागेल."

मास्तरनं घरी फोन केला. बायकोनं सगळं ऐकून घेतलं.

"दुसऱ्याला अडकवून आला असतात तर मी दार उघडलं नसतं," ती म्हणाली. मग म्हणाली, "उघडलं असतं हो. पण चार शब्द बोलले असते."

मास्तरचं नाव कागदावरून निघालं ते पुढच्या वर्षी जानेवारीत. बायको त्याच्या दहा महिने आधी, नऊ मार्चला, सोमवारी सकाळी साडेदहाला, दवाखान्यात वारली.