सर्वात सुधारलेला गडी

सुकदेव अमळनेरकडचा. सिल्वासाजवळच्या नरोलीत एका धागा कारखान्यात त्याला नोकरी मिळाली ती केवळ उंचीमुळे. कारखान्यांच्या बास्केटबॉल स्पर्धेसाठी साहेबांना उंच माणूस हवा होता; खेळता येतं का, हे विचारायचं राहून गेलं. पहिल्या वर्षी त्याचा चेंडू बास्केट सोडून सगळीकडे गेला. पण गडी जिद्दीचा. पाळी सुटली की थेट मैदानावर. त्र्याण्णव साली त्याच्याच जोरावर संघ उपांत्य फेरीत पोचला.

स्पर्धा भरवायचे रमाकांत सर, सिल्वासाच्या शाळेतले खेळशिक्षक. अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये दरवर्षी खेळाडूंना निरनिराळी बक्षिसं देतात, हे त्यांनी मासिकात वाचलं होतं. तशीच त्यांनी इथे सुरू केली. उत्कृष्ट खेळाडू झाला, उत्कृष्ट बचावपटू झाला. मग ज्याच्या खेळात सर्वाधिक प्रगती, त्याचं बक्षीस आलं. सरांनी माइकवर सुटसुटीत मराठी केलं.

"यंदाचा सर्वात सुधारलेला गडी, सुकदेव!"

त्याची बायको ममता ढाल उराशी धरून घरी आली.

सकाळी नळावर शेजारच्या चिमाबाईंनी तिचा हात धरला. "सुटली ना गं त्याची? कुठलं औषध दिलंस? आमच्या मालकांना पण दे."

सिल्वासात दारूची दुकानं पावलापावलावर. इथे माणूस सुधारला म्हटलं की दुसरा अर्थच निघत नाही.

"मावशी, मी कधी थेंबसुद्धा घेतला नाही!" सुकदेव दारातून ओरडला.

"बरं बरं," चिमाबाई मायेनं म्हणाल्या. "झालं गेलं विसरायचं बाबा."

कोणीतरी सुट्टीवर गावी गेलं आणि ही बातमी ममताच्या आईला, तानूबाईंना, लागली. त्या मिळेल ती एस.टी. पकडून नरोलीत येऊन थडकल्या. पाण्याचा तांब्याही घेतला नाही.

"जावईबापू, माझ्या पोरीनं एवढं सोसलं, अन् माले कानोकान खबर नाही!"

"अगं आई, खेळात सुधारले ते," ममता म्हणाली.

"तू गप. तू तर झाकशीनच."

सुकदेवनं सासूबाईंना सरळ मैदानावर, सरांपुढे नेलं. सर शांतपणे समजावू लागले, "मावशी, गेल्या वर्षी याला समोरची बास्केटसुद्धा दिसायची नाही हो."

"दिसायची नाही?" तानूबाईंनी कपाळावर हात मारला. "इतकी प्यायचा?"

सर गडबडले. त्यांनी चेंडू सुकदेवच्या हातात कोंबला. "तू खेळूनच दाखव."

सुकदेवनं नेम धरला. कमरेवर हात ठेवून सासू बघत होती. पहिला चेंडू कड्याला लागून उडाला. दुसरा फळीवरून मागे गेला. तिसरा सरांच्या हातातल्या चहाच्या कपावर. घामानं त्याचा सदरा पाठीला चिकटला.

"बघा," सर कप झटकत म्हणाले. "गेल्या वर्षी हा अस्साच होता. पूर्ण शुद्धीत!"

तानूबाई जावयाजवळ गेल्या. त्याच्या तोंडाचा वास घेतला. मग पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की खालीच बसल्या.

"इतकं वाईट तर पिऊनबी कोणी खेळणार नाही. ममते, माणूस चांगला आहे गं तुझा!"

सुकदेवला आनंद मानावा की राग, कळेना. तोही शेवटी हसला.

रविवारच्या मैत्रीपूर्ण सामन्याला तानूबाई सर्वांत पुढे बसल्या. जावयाला कोणी धक्का मारला की त्यांची अहिराणी अशी काही सुटायची, की पंच म्हणून उभे असलेले सर त्यांच्याकडे बघून आधीच शिट्टी वाजवायचे.