शेवटचं काय बदललं?

दंतवैद्य बाईंची गाडी त्यांच्यापेक्षा वयाने मोठी होती. मामांनी ती हौसेने घेतली आणि आयुष्यभर सांभाळली. जाताना ती भाचीच्या नावावर केली, कारण घरात दुसऱ्या कुणाला तिचं कौतुक नव्हतं. हिरवा रंग, गोल दिवे आणि दार लावलं की लोखंडी कपाट बंद केल्यासारखा आवाज. बाई दवाखान्यातून आल्या की दातांचे हातमोजे उतरवून गाडीचे चढवायच्या.

अलीकडे गाडीला एक खोड लागली होती. गावात फिरवली तर कुरकुर नाही, पण घाट चढताना तिसऱ्या वळणाजवळ ती आचके देऊन बंद पडायची. थोडा वेळ उभी ठेवली की काही झालंच नाही अशा थाटात परत सुरू व्हायची. नणंद घाटापलीकडे राहायची, त्यामुळे हा तमाशा दर वेळी सासूबाईंच्या देखत व्हायचा.

शेवटी नवऱ्याने विषय काढला. "रविवारी ताईकडे जेवायला जायचंय. तुझ्या हट्टाखातर हीच गाडी घेऊ. पण परत बंद पडली तर परवा जो गृहस्थ बघून गेला, त्याला देऊन टाकायची. कबूल?"

"कबूल," बाई म्हणाल्या, आणि म्हटल्या म्हटल्या त्यांना पश्चात्ताप झाला. पण शब्द गेला तो गेला.

त्यांनी जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर दुखणं लिहिलं. चहाला उकळी यायच्या आत उत्तरं कोसळायला लागली. पेट्रोलचा पंप बदला. कॉइल बदला. कार्ब्युरेटर उघडा. पंप बदलू नका, फुकट जाईल. एकाने विचारलं, हा हिरवा रंग कुठून मिळवलात? चौघांनी नुसती बदामाची चित्रं पाठवली. बाईंनी पंप बदलला, कॉइल बदलली. घाटात जाऊन बघितलं. गाडी तिसऱ्या वळणावर ठरल्याप्रमाणे थांबली.

तेव्हा त्या मास्तरांकडे गेल्या.

मास्तर शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरामागच्या शेडमध्ये एक म्हातारी गाडी आणि संगणकावर तितकाच म्हातारा फोरम सांभाळायला घेतला होता. फोरमवर आता मोजकीच माणसं यायची, पण वर्षानुवर्षांच्या दुखण्यांची आणि उपायांची चर्चा तिथे विषयवार लावून ठेवलेली होती. शेडमध्ये त्या दिवशी फोटोवालीसुद्धा होती. ती लग्नाचे फोटो काढायची आणि बाईंनी जिथे प्रश्न टाकला तो ग्रुप तीच चालवायची. तिच्या गाडीचं दार खाली आलं होतं आणि ते वर करायला तिला मास्तरच लागले होते.

"ग्रुपवर विचारलंत ना?" मास्तरांनी दाराखाली लाकडाची चीप सारत विचारलं. "मग झालं की. रोग एक, वैद्य शंभर."

"हसा तुम्ही," फोटोवाली म्हणाली. "तुमच्या फोरमवर माणूस शिंकला तर तीन दिवसांनी कुणीतरी लिहितं, जपा."

"आणि तुझ्या ग्रुपवर शिंकायच्या आधीच औषध देतात. वर शिंकणाऱ्याचा फोटो मागतात."

"पण येतात तरी माणसं. तुमच्याकडे कोण येतं? तुम्हीच प्रश्न विचारता, तुम्हीच उत्तर देता."

"ते एकदाच केलं होतं," मास्तर म्हणाले. "उत्तर बरोबर होतं."

बाईंना हसू आलं, पण रविवार डोक्यातून जाईना. "मास्तर, भांडण नंतर करा. माझी गाडी जाईल हो."

मास्तरांनी हात पुसले आणि दोघींना बाकावर बसवलं. फोरमचा एक जुना रिवाज होता. दुखणं लिहिणाऱ्याला औषध लगेच मिळत नसे. आधी त्याला एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागे: गाडी नीट चालत होती त्यानंतर शेवटचं काय बदललं? आणि गाडी बरी झाली की परत येऊन नेमकं काय निघालं ते लिहावं लागे. न लिहिणाऱ्याला मास्तर चिकाटीने आठवण करत. कंटाळून का होईना, लोक लिहीत.

"तर सांगा, डॉक्टर. शेवटचं काय बदललं?"

"पंप आणि कॉइल."

"ते बंद पडायला लागल्यानंतर. त्याआधी?"

बाईंनी आठवून पाहिलं. "काहीच नाही. टायर त्याच्या कितीतरी आधीचे. बाकी हात लावला नाही."

"काहीच नाही असं सगळेच म्हणतात. माझ्या वर्गातली मुलंही म्हणायची, सर, आम्ही काहीच नाही केलं, आणि मागे नळी फुटलेली असायची. सावकाश आठवा."

बाईंना खरंच काही आठवेना. फोटोवालीने मात्र फोन काढला. "थांबा. आमच्या ग्रुपवर कुणी उपाय लिहीत नसेल, पण मिरवायचं कुणी सोडत नाही. यांनी काय काय टाकलंय ते बघते." ती फोटो मागे मागे सरकवत गेली. "घाटात बंद पडल्याची पहिली तक्रार ही. आणि त्याच्या आदल्या आठवड्यात... हे काय?"

फोटोत टाकीचं झाकण होतं, आरशासारखं चमकणारं. शेजारच्या फोटोत तेच झाकण आधीचं, कळकट आणि खड्डे पडलेलं. ग्रुपवर बाईंच्या कुठल्याही फोटोला एवढं कौतुक मिळालं नव्हतं.

"ते बदललं नाही काही," बाई म्हणाल्या. "नुसतं क्रोम करून घेतलं. मामांचंच झाकण आहे."

मास्तरांनी चष्मा वर केला आणि जुना फोटो मोठा केला. मग नवा. मग परत जुना. "हे मधलं बारीक भोक कुठे गेलं?"

"भोक कसलं, खड्डा होता तो. मीच म्हटलं पॉलिशवाल्याला, सगळे खड्डे भरून घ्या." दातातला खड्डा दिसला की भरायचा, हा बाईंचा रोजचा धंदा.

मास्तरांनी फळीवरून सरबताची बाटली आणली आणि बुचाला दोन भोकं पाडून ते घट्ट लावलं. एका भोकात नळी घातली, सांध्याला पुट्टीचा गोळा लावला आणि बाटली बाईंच्या हातात दिली. "प्या."

सरबत सहज वर आलं. मग मास्तरांनी दुसऱ्या भोकावर अंगठा दाबून धरला. "आता प्या."

बाईंनी ओढलं. एक घोट आला, दुसरा अर्धा आला, मग गाल आत गेले आणि काहीच येईना.

"पेट्रोल जाईल तेवढी हवा टाकीत आत आली पाहिजे," मास्तर म्हणाले. "ती त्या भोकातून यायची. गावात थोडंच पेट्रोल लागतं, निभावतं. घाटात इंजिन जास्त ओढतं आणि टाकी हट्टाला पेटते. उभी ठेवलीत की कुठूनतरी हवा झिरपते आणि स्वारी परत तयार."

बाईंनी नळी तोंडातून काढली. "म्हणजे दात चांगला होता आणि मी त्यात सिमेंट भरलं."

"सुंदर भरलंत," फोटोवाली म्हणाली.

मास्तरांनी हातड्रिलला सर्वात बारीक बिट लावलं. चमकत्या झाकणाच्या मधोमध ते टेकवताना बाईंनी तोंड फिरवलं. पेशंट खुर्चीत असं का करतात ते त्यांना तेव्हा कळलं.

रविवारी नवरा पुढे बसला, सासूबाई मागे. सासूबाईंच्या मांडीवर थर्मास आणि विणकामाची पिशवी होती. घाट सुरू झाला. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्या वळणाला इंजिनाचा आवाज एकसारखा राहिला, आणि गाडी वळण घेऊन वर निघाली.

"अगं, अगं," मागून सासूबाई म्हणाल्या. "इथे थांबतो ना आपण? मी चहा आणलाय."

"आई, गाडी दुरुस्त झाली," नवरा म्हणाला.

"झाली असेल. पण मला इथून ती दरी बघायची असते. स्वेटरचा गळा मी इथेच विणलाय."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. कराराप्रमाणे गाडी बंद पडायला नको होती, आणि एकदा थांबवली की परत सुरू करावी लागणार होती. नवरा काचेतून समोर बघतच म्हणाला, "थांबव. आपण होऊन थांबवली तर ते बंद पडणं धरायचं नाही."

चहा निवांत झाला. सासूबाईंच्या दोन ओळी विणून झाल्या. बाईंनी किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या फेरीत सुरू झाली. नवऱ्याने फोन काढला, त्या गृहस्थाचा नंबर लावला आणि गाडी विकायची नाही असं सांगितलं. कारण विचारल्यावर म्हणाला, "आईला लागते."

घरी परतल्यावर बाईंनी फोरमवर दुखणं, चूक आणि उपाय असं सगळं रिवाजाप्रमाणे लिहिलं. ग्रुपवर त्यांनी झाकणाचा नवा फोटो टाकला, मधोमध भोक असलेला. पहिलीच प्रतिक्रिया आली: अरेरे, एवढं छान क्रोम, हा खड्डा कसा पडला? भरून घ्या.

बाईंनी त्याखाली फोरमची लिंक चिकटवली.