एक घर सैल

"राखीव, ऊठ. पॅड चढव," कॅप्टन म्हणाला. "गोलीचा गुडघा धरलाय."

कॉलेजात हॉकी शिकवणाऱ्या सरांना जाऊन महिना झाला होता. त्यांच्या आठवणीत कॉलेजच्या मैदानावर जुन्या पोरांचा हॉकीचा सामना चालला होता. पोरं कसली, सगळ्यांची पोटं सुटलेली. बाकावरच्या या माणसाला तिथे खऱ्या नावाने कोणी ओळखत नव्हतं. कॉलेजात तो दुसरा गोलकीपर, म्हणून राखीव. आता हॉस्पिटलात लोकांना प्लास्टर घालायचा, तरी इथे राखीवच.

कॉलेजची सगळी वर्षं त्याने बाकावर काढली, तीही पॅड बांधून. सरांचा तसा दंडकच होता. दर सामन्याआधी ते स्वतः त्याच्यासमोर उकिडवे बसायचे, पट्टे आवळायचे आणि म्हणायचे, "तयार बस रे बाबा. बोलावणं सांगून येत नाही." बोलावणं काही आलं नाही. पहिला गोली असा धडधाकट, की त्याला साधी सर्दीही व्हायची नाही. याने देव पाण्यात घालून पाहिले, पण छे.

सकाळी बायकोने चिमटा काढलाच होता. "एकदाही खेळवलं नाही ना त्यांनी तुम्हाला? मग एवढं काय वाईट वाटतंय?"

सरांवर त्याचा जीव होता, हे खरं. पण सरांच्या लेखी आपण कोणी होतो, की नुसतं बाकावरचं ओझं, हे त्याला कधी कळलं नव्हतं. विचारायचं राहून गेलं. आता विचारणार तरी कोणाला?

त्याने पॅड पायांवर ठेवले, पाय लांब केले आणि तसाच बसून राहिला.

"अरे, बांध की," कॅप्टन वैतागला. "मुहूर्त बघतोयस का?"

तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं, की आपण सरांची वाट बघतोय. दिवसभर लोकांचे हातपाय बांधणारा माणूस, पण स्वतःचे पॅड त्याने जन्मात बांधले नव्हते. त्याला हसू आलं.

बाकाच्या टोकाला सरांची बायको बसली होती. सामन्यांना ती कधी फिरकली नव्हती, आजच आली होती. ती उठली आणि गुडघ्यांवर हात टेकत त्याच्यासमोर खाली बसली.

"काकू, तुम्ही कशाला..."

"राखीव म्हणजे तूच ना? मग गप बस."

उजव्या पायाचे पट्टे तिने करकचून आवळले. डाव्या पायाचा पट्टा ओढला आणि परत एक घर सैल सोडला.

"हे घरी सारखे सांगायचे. माझ्या दुसऱ्या गोलीचा डावा गुडघा दुखरा आहे, पट्टा एक घर सैल लागतो. घट्ट झाला तरी बोलत नाही, नुसता ओठ चावतो."

गुडघ्याचं त्याने सरांना कधीच सांगितलं नव्हतं. त्याने मान खाली घातली आणि डोळे पुसले. मग मैदानात गेला.

एक चेंडू त्याने अडवला, बाकीचे आत गेले. सामना गेलाच. सगळ्यांनी कपडे बदलले, पिशव्या भरल्या. राखीव पॅड बांधूनच बाकावर बसला होता.

"सोड की आता," कॅप्टन म्हणाला.

"सोडतो," तो म्हणाला, आणि बसून राहिला.