काळ्या खपलीची दोन पाने

मित्रांनो, मी एका वैद्यकीय मासिकाचा जुना अंक आहे. माझे मुखपृष्ठ फाटले आहे आणि पाठीवर चहाच्या कपाचे गोल डाग आहेत. तरी माझी गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

छापखान्यातून निघालो तेव्हा मी कोरा करकरीत होतो. तुम्हाला वाटेल, डॉक्टरांच्या मासिकात नुसती औषधांची नावे असतील. तसे नसते. माझ्या पहिल्या पानावर संपादकीय होते, म्हणजे संपादकांचे स्वतःचे मत. त्यामागे शेकडो रुग्णांना तपासून लिहिलेला संशोधन लेख. त्याचा थाट मोठा. एक आढावा लेखही होता. एकाच आजारावर जगभर झालेले काम वाचून कुणीतरी त्यात एका जागी मांडले होते. शेवटी वाचकांची पत्रे. त्यांत डॉक्टर मंडळी एकमेकांच्या चुका काढतात, पण अगदी सभ्य भाषेत. आणि या सगळ्यांच्या मध्ये अंग चोरून बसलेली दोन पाने होती. त्यांना केस रिपोर्ट म्हणतात. एकाच रुग्णाची हकिगत.

ती लिहिली होती केजच्या डॉक्टर शिवगंगा यांनी. त्यामागची कहाणी मी पुढे त्यांच्याच तोंडून ऐकली. त्यांच्याकडे बजरंग नावाचा मेंढपाळ तापाने फणफणत आला होता. मलेरिया नाही, डेंग्यू नाही. त्यांनी त्याला पुन्हा नखशिखांत तपासले, तेव्हा करदोड्याखाली विडीचा चटका बसावा तशी काळी खपली सापडली. झुडपांतला सूक्ष्म किडा चावला की अशी खपली येऊ शकते. त्या आजाराला स्क्रब टायफस म्हणतात. वेळेत ओळखला तर साध्या औषधाने बरा होतो, नाही ओळखला तर जीवावर बेततो.

बजरंग बरा झाला. हकिगत छापायची परवानगी मागितली तेव्हा तो म्हणाला, "बाई, नाव नका छापू. पोरीला स्थळ बघायलो. खपलीचा फोटू मातर मोठा टाका, लोकायला दिसू द्या."

शिवगंगाताईंच्या एका ज्येष्ठ डॉक्टरांनी मात्र विचारले, "एका माणसाच्या हकिगतीनं काय सिद्ध होतं?"

"सिद्ध काही होत नाही, सर," शिवगंगाताई म्हणाल्या. "पण पुढचा डॉक्टर करदोडा सरकवून बघेल."

मी टपालाने नांदूरघाटला डॉक्टर रवि यांच्या दवाखान्यात आलो. त्यांनी मला वाचले, तो फोटो परिचारिका रुद्राणीताईंनाही दाखवला. काही दिवस मी टेबलावर मानाने होतो. मग नवे अंक आले आणि माझी रवानगी बाहेरच्या बाकावर झाली. वीज गेली की रुग्ण माझाच पंखा करायचे. वाईट वाटायचे, पण वाऱ्याने त्यांना बरे वाटते हे पाहून मी ते विसरायचो.

पावसाळा सरता सरता मोहनराव आपल्या आईला, छबुबाईंना, जीपमध्ये घालून घेऊन आले. ताप उतरत नव्हता, धाप लागली होती, तपासण्यांत काही निघत नव्हते.

"डॉक्टर, आमी बीडला नेतो," मोहनराव म्हणाले. "आता कशापायी थांबायचं?"

"न्यायचंच आहे. तुम्ही जीप वळवून ठेवा, मी पुढे फोन करतो," डॉक्टर म्हणाले. बोलता बोलता त्यांची नजर दाराबाहेरच्या बाकावर, माझ्यावर पडली. त्यांनी मला उचलले, ती दोन पाने काढली आणि रुद्राणीताईंपुढे धरली. "ताई, अशी खपली कुठं दिसते का बघा. कमरेपाशी नीट बघा."

पडद्याआड, लुगड्याच्या घट्ट गाठीखाली, ती खपली होती.

"छबुबाई, हे आधी का नाही सांगितलं?" रुद्राणीताईंनी विचारले.

"दुखतच न्हाई तर काय सांगू, बाई?" छबुबाई पुटपुटल्या.

औषध तिथेच सुरू झाले आणि मगच जीप बीडकडे निघाली. मी उघडाच टेबलावर पडून होतो. पुढच्या दिवशी मोहनरावांचा फोन आला. डॉक्टरांनी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला.

"ताप उतराया लागला, डॉक्टर. आई लई भांडायली, दवाखान्यातली भाजी अळणी हाय म्हणून."

डॉक्टर रवि हसता हसता खुर्चीत बसले. त्यांचे डोळे भरून आले होते.

घरच्यांची संमती घेऊन त्यांनी हा अनुभव संपादकांना पत्र म्हणून पाठवला. ते छापून आल्यावर तेलगावच्या एका डॉक्टरांनी फोन केला. त्यांच्याकडेही असाच रुग्ण होता. मग शिवगंगाताई नांदूरघाटला आल्या. आता हे सगळे मिळून गावोगावच्या तापाचा नीट अभ्यास करत आहेत, आणि त्या ज्येष्ठ डॉक्टरांनी त्याची आखणी करून दिली आहे. उद्या त्यातून मोठा संशोधन लेख होईल. तो माझ्या अंगावर नसेल, तरी मला त्याचा आनंदच आहे.

मित्रांनो, ताप आला आणि अंगावर नवी खपली दिसली तर दुखत नसली तरी ती डॉक्टरांना दाखवा. आणि माझ्यासारखा जुना अंक रद्दीत टाकण्याआधी एकदा चाळा. त्यात बरा झालेला कुणी माणूस दुसऱ्याला वाचवायला थांबलेला असतो.