सीतादहीच्या आधी

कराराचं सतरावं कलम वाचता वाचता सुवर्णाचं बोट एका ओळीवर थांबलं.

मावला गावच्या एका हॉटेलातल्या हॉलमध्ये परदेशी करार सांभाळण्याचं पाच दिवसांचं प्रशिक्षण चाललं होतं. आजूबाजूच्या शेतकरी कंपन्यांनी आपापली शिकलेली माणसं धाडली होती, आणि त्यातली निम्मी जेवणाच्या वेळेवर डोळा ठेवून बसली होती. सुवर्णा मात्र पहिल्या बाकावर. तिच्या गावचा, म्हणजे बाजारहत्नूरकडचा, सेंद्रिय कापूस जर्मनीत जायचा. तिथे एक कंपनी त्यापासून तान्ह्या बाळांचे कपडे शिवायची. ते गिऱ्हाईक मिळवायला तीन वर्षं पत्रं लिहिली होती, आणि ती सगळी सुवर्णानंच.

शिकवायला हैदराबादहून कुमुदिनीबाई आल्या होत्या. बाई मोठ्या चटकदार बोलायच्या. "पूर आला, पीक वाहून गेलं, तर हा करार तुम्हाला माफ करतो," त्या म्हणाल्या. "पण चौदा दिवसांच्या आत लेखी कळवलं तरच. पंधराव्या दिवशी तुमचा पूर तुम्हालाच लखलाभ. मग माल द्या, नाहीतर गिऱ्हाईक विसरा."

सुवर्णानं बोटं मोजली. गावचा ओढा फुगून शिवारात शिरला तो दोन आठवड्यांपूर्वीचा शुक्रवार. आज शुक्रवारच. आणि जर्मनीला अजून अक्षरानं कळवलेलं नव्हतं.

विसरभोळेपणा म्हणाल तर तसं काहीच नव्हतं. पूर ओसरल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिनं पत्र तयार केलं होतं. पण कंपनीचे अध्यक्ष महिपतकाका आडवे आले. त्या गावात सीतादही झाल्याशिवाय कापसाच्या नुकसानीचा शब्द तोंडातून काढत नाहीत. पहिल्या वेचणीच्या दिवशी शेतात पाच खडे मांडायचे, आपल्याच शेतातल्या फुटलेल्या बोंडांचा कापूस त्यांना वाहायचा, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा. त्याआधी कुणी 'गेलं' म्हटलं, तर सीतामाय उरलंसुरलंही घेऊन जाते, असं जुनी माणसं सांगतात. महसूल खात्याचा गिरदावर पंचनाम्याला आला तेव्हा महिपतकाका गुडघाभर चिखलात उभे होते आणि त्याला म्हणत होते, "थोडंसं ओलं झालं, साहेब." पूजा ठरली होती येत्या सोमवारी.

चहाच्या सुट्टीत तिनं हे बाईंना सांगितलं. शेजारचा एकजण फिसकन हसला. बाई हसल्या नाहीत.

"करारात श्रद्धेला कलम नसतं गं," त्या म्हणाल्या. "पण जर्मनीतलं ऑफिस आत्ता कुठे उघडतंय. ते बंद व्हायच्या आत अध्यक्षांच्या सहीचं पत्र गेलं पाहिजे. नीघ."

सुवर्णानं स्कूटी काढली. वाटेत इचोड्याला पेट्रोल भरताना तिच्या मनात नको ते येऊन गेलं. महिपतकाकांची सही तिच्या लॅपटॉपमध्ये होतीच, जुन्या कागदावरून घेतलेली. पत्राखाली चिकटवली असती तर कोणाला कळणार होतं? पण पहिल्या दिवशी बाईंनी सांगितलं होतं की सही म्हणजे तो माणूस स्वतः तिथे बसलाय असं समजायचं. काकांना न विचारता तिथे बसवायचं तिच्या जिवावर आलं.

काका ओसरीवर बसले होते. तिनं सगळं एका दमात सांगितलं.

"सोमवारी पाठव ना," काका म्हणाले.

"सोमवारी उपेग नाई, काका. आजच पायजे."

"मंग नाई जमत. माया बापानं सीतादहीच्या आधी कदी असं बोल्लं नाई, मी काऊन बोलू? झाकली मूठ सव्वा लाखाची असते, पोरी."

"मुठीत काई नाई राह्यलं काका, आन् जर्मनीवाल्यायले वाटून राह्यलं का आमी माल भरून राह्यलो!"

आवाज चढलेला तिचा तिलाच कळला. काकांनी मान वळवली. म्हातारा हट्टाला पेटला की ब्रह्मदेवाचंही ऐकत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. तीन वर्षांची पत्रं पाण्यात गेली, असं वाटून सुवर्णाला रडू यायला लागलं.

तेवढ्यात काकांची बायको मालनबाई आतून आली. हातात दह्याचं गाडगं होतं.

"सोमवार कोनं ठरवला हो?" तिनं नवऱ्याला विचारलं. "दरसाली आपली सीतादही दसऱ्याले होते. दसरा गेला. मंग तुमी बुधवार मनलं, मंग सोमवार. पुढच्या सोमवारी काय मनसान?"

काका धोतराचा सोगा सारखा करायला लागले.

"पूजेले आपल्या वावरातले पाच बोंडं लागते. वावरात बोंडं नाई राह्यले, मनून तुमी दिवस ढकलून राह्यले. मले काय दिसत नाई?"

काकांची मान खाली गेली. सुवर्णाचा राग तिथल्या तिथे विरला. काकांनी रीत धरून ठेवली नव्हती. ते रीतीआड लपले होते. रिकामं शेत देवीला दाखवायची हिंमत त्यांना होत नव्हती, आणि दाखवल्याशिवाय बोलता येत नव्हतं. तिला त्यांची फार दया आली.

"चला," मालनबाई म्हणाली. "सीतामायनं वनवास भोगला हाय. तिले नुकसान दाखवाची लाज कायले?"

दही आणि भात घेऊन तिघं शेतावर गेली. काळवंडलेल्या पऱ्हाट्या आडव्या पडल्या होत्या. मालनबाईनं पाच खडे मांडले आणि बांधाकडेची झाडं चाचपत चाचपत चार बोंडं मिळवली. पाचवं काही सापडेना. काका वाकले आणि चिखलातून एक सडकं बोंड उचलून त्यांनी पाचव्या खड्यापुढे ठेवलं. दहीभात वाहिला. हात जोडले.

"लिही," ते सुवर्णाला म्हणाले. "महिपत. सहा एकर." मालनबाईनं पाठीवर हात ठेवला तेव्हा ते म्हणाले, "गेलं वं पोरी. समदं गेलं." आणि ते बांधावर बसून लहान पोरासारखे रडले.

अध्यक्षांच्या शेतात सीतादही झाली, ही बातमी गावभर व्हायला वेळ लागला नाही. त्यानंतर एकेक जण येत गेला. भिवाजी आला, रेणुकाबाई आली. सगळे काकांसाठीच मूग गिळून बसले होते. बांधावर बसून सुवर्णा एकेकाचं नुकसान लिहीत गेली. काकांनी सही केली आणि साडेसहाला तिनं मोबाईलवरून पत्र पाठवलं. जर्मनीत तेव्हा दुपार होती.

दहा मिनिटांत उत्तर आलं. तिनं ते मराठीत करून सांगितलं. "पत्र मुदतीत पोचलं. जमेल तेवढ्या मालाची नवी तारीख कळवा. आणि तुमची सगळी माणसं सुखरूप आहेत ना?"

काकांनी तिला ते शेवटचं वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग डोळे पुसले.

"त्यायले लिही, माणसं हायत." आणि त्यांनी विचारलं, "हे इचाराले बी चवदा दिवसाची मुदत असते का?"

"नाई, काका," सुवर्णा म्हणाली. "हे त्यायनं असंच इचारलं."