खंडेरावांचं गृहीतक

"दुसरी," खंडेराव ठामपणे म्हणाले.

कार्डावरच्या तीन रेघांपैकी शेजारच्या मूळ रेघेइतकी लांब होती ती तिसरी. लहान पोरालाही कळलं असतं. पण खंडेरावांच्या आधीच्या चौघांनीही "दुसरी"च म्हटलं होतं. ते सगळे पढवलेले. पढवलेली नव्हती ती फक्त शेवटच्या खुर्चीवरची सृष्टी. तिने कार्डाकडे पाहिलं, सगळ्यांकडे पाहिलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, "दुसरी."

रूपाली मॅडम गंगापूर रोडवरच्या या कॉलेजात मानसशास्त्र शिकवायच्या आणि खंडेरावांच्याच बिल्डिंगमध्ये राहायच्या. बाकी सगळे चुकीचं बोलले की एकटा माणूसही तसंच बोलतो का, हे पाहायच्या प्रयोगात एखादा वयस्कर माणूस हवा म्हणून त्यांनी खंडेरावांना गाठलं. तेव्हापासून ओझरच्या विमान कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेला हा गृहस्थ इस्त्रीचा शर्ट घालून रोज खोटं बोलायला येत होता. आवडायचं त्यांना ते. इथे त्यांच्या बोलण्याने कुणाला तरी फरक पडत होता.

सृष्टीला खरा प्रकार समजावून मॅडमनी घरी पाठवलं, तेव्हा खंडेराव रेंगाळले.

"मॅडम, मी बोलतो ते माझा पोरगा कान देऊन ऐकतो का नाय, हे असं तपासता येईल का?"

मॅडम हसल्या. "येईल की. आधी गृहीतक मांडा. तुम्हाला काय वाटतं?"

"नाय ऐकत."

"मग असं काहीतरी बोला, की ऐकलं तर माणूस गप्प बसूच शकणार नाही. आणि तेच वाक्य आणखी कुणालातरी सांगा, त्याच सुरात. नाहीतर दोष मुलाचा की वाक्याचा, कळणार कसं? बदल एकाच गोष्टीत करायचा, काका."

मॅडमनी गमतीत सांगितलं. खंडेरावांनी मनावर घेतलं.

कॉलेजबाहेर सलीमच्या गाडीवर चहा घेताना ते सहज म्हणाले, "आज ओझरला जाऊन विमान उडवलं."

सलीमचा हात किटलीवरच थांबला. "क्या बात करते काका! तुमको बसू कुणी दिलं? एकदा मालेगाववरून न्या ना, अब्बाला वरून हात दाखवतो."

गाडीवरचे सगळे हसले. खंडेरावही हसले, आणि हसता हसता त्यांना उगाचच भरून आलं.

घरी ते आणि जीवन, दोघंच. जीवन पुण्याच्या कंपनीचं काम घरातून करायचा, जेवायलाही खोलीबाहेर यायचा नाही. म्हणून खंडेरावच दोन ताटं घेऊन त्याच्या खोलीत जायचे आणि पलंगाच्या कडेला बसून जेवायचे. आज त्यांनी पहिला घास घेतला आणि अगदी त्याच सुरात सांगितलं, "आज ओझरला जाऊन विमान उडवलं."

"अच्छा," जीवन लॅपटॉपकडे बघत म्हणाला. "छान."

एका उत्तरावरून निष्कर्ष काढायचा नसतो, हे मॅडम पोरांना सारखं बजावायच्या. दमला असेल, कामात असेल. आपलं गृहीतक चुकावं, असं खंडेरावांना अगदी मनापासून वाटत होतं. तेवढ्यासाठीच, एरवी जे कधी तोंडातून काढलं नसतं ते त्यांनी काढलं.

"येताना तुझी आई भेटली."

बायडाबाईंना जाऊन दीड वर्ष झालं होतं. अग्नी जीवननेच दिला होता.

"हं," जीवन म्हणाला. बोटं चालूच होती. "बरी आहे ना?"

खंडेरावांनी हातातला घास परत ताटात ठेवला.

"बरी हाय," ते म्हणाले. "तुझी आठवण काढत होती."

"हं."

त्यांनी दोन्ही ताटं उचलली. जीवनच्या ताटात अर्धी पोळी तशीच होती. दारापाशी जाऊन ते थांबले, पोरानं एकदा मान वर करावी म्हणून. आणि जीवनने खरंच मान वर केली.

"बाबा, जाताना दार ओढून घ्या. मीटिंग आहे."

खंडेरावांनी एका हातात दोन्ही ताटं सांभाळली आणि आवाज होणार नाही अशा बेताने दार ओढून घेतलं.